माझा सराव पुरेसा होता

आमच्या घरात आजवर बाण फक्त संत सेबास्तियनला लागले होते.

सासूबाईंनी वसईहून येताना त्याचा फोटो आणला होता. दोह्यातल्या अल मन्सूरामधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या वर, तो अकरा वर्षं लटकतो आहे. झाडाला बांधलेला तरणाबांड संत, अंगात पाच बाण, आणि चेहरा असा की जणू डास चावलाय. पण धनुष्यबाणाचं खूळ आमच्याकडे त्याने आणलं नाही. ते आणलं रियाने, माझ्या लेकीने.

रिया सतरा वर्षांची. अल रय्यानमधल्या एका क्लबात तीन वर्षं तिरंदाजी शिकत होती. तिच्याबरोबर तिचा बाप, म्हणजे माझा नवरा इनास, तोही शिकायला लागला. दर वर्षी थंडी सरत आली की हा क्लब वाळवंटात एक दिवसाची शिकार भरवतो. खरी नव्हे. फोमची जनावरं वाळूत उभी करतात आणि लोक त्यांना बाण मारतात. हरीण असतं, लांडगा असतो, अस्वलसुद्धा असतं. (लांब शिंगांचा ओरिक्स तेवढा नसतो. तो इथला राष्ट्रीय प्राणी, त्याला फोममध्येही मारायची कुणाची छाती नाही.) त्यात एक गट असतो पालक आणि मुलांच्या जोड्यांचा. रिया आणि इनास मागच्या वर्षी पाचवे आले. या वर्षी पहिल्या तिनात यायचंच, असं रियाने ठरवलं होतं, कारण जूनमध्ये ती कॉलेजला पुण्याला जाणार होती. पुढच्या थंडीत जोडी नसणार.

आणि शिकारीला तीन आठवडे उरले असताना इनास स्टुलावरून पडला.

इथे सांगायला हवं की इनास एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. दिवसभर तो चारशे माणसांना उंचीवर काम कसं करावं ते शिकवतो. घरी ट्यूबलाइट बदलताना स्टूल धरायला माणूस नव्हता, पायात चप्पल होती आणि एक हात मोबाइलवर होता. उजवा खांदा गेला. ऑफिसात त्याने सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. तिथे निदान अब्रू राहते.

त्या संध्याकाळी रियाने एक घास घेतला नाही. भातात बोट फिरवत बसली. आमची रिया मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते.

"दुसरं कुणी मिळेल की," इनास म्हणाला. एक हात झोळीत, दुसऱ्या हाताने जेवणाची कसरत.

"इट हॅज टु बी अ पेरेंट, डॅडी."

मग दोघांनी मिळून ताटाकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. घरात दोन पालक आहेत, त्यातला एक मोडलाय, दुसरा समोर बसून डाळ वाढतोय, आणि हा दुसरा कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही! मला ते लागलं.

"मी येते," मी म्हणाले.

रियाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. परीक्षेच्या दिवशी पेनातली शाई संपली आणि शेजारणीने खडू पुढे केला, तर जसं वाटेल, तसं काहीसं होतं.

आता माझ्या आत्मविश्वासाचं कारण. मी एका इस्पितळात रक्त घेते. नर्स नाही, पण सगळे सिस्टर म्हणतात. बावीस वर्षं मी हेच करते आहे. लठ्ठ माणसांच्या, घाबरलेल्या माणसांच्या, दोन दिवस पाणी न प्यायलेल्या माणसांच्या हातातली दोऱ्याएवढी शीर मी बोटाने चाचपून शोधते आणि पहिल्या टोचणीत रक्त काढते. इतर सिस्टर थकल्या की मला बोलावतात. जी शीर दिसत नाही तिला सुई लावणारी बाई मी, मला रेडकाएवढ्या अस्वलाला बाण मारता येणार नाही?

"मम्मी, इट्स नॉट द सेम," रिया म्हणाली.

"नेम तो नेम," मी म्हणाले आणि भांडी घासायला घेतली.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये एसी होता, खाली रबरी जमीन होती, दहा मीटरवर एक गोल चकती होती. कोच जेरिको नावाचा फिलिपिनो तरुण. मला सगळ्यात हलकं धनुष्य देऊन तो म्हणाला, "मॅम, रिलॅक्स." पहिला बाण छताच्या जाळीला लागला. दुसरा शेजारच्या माणसाच्या चकतीवर. तिसरा सुटलाच नाही, माझ्याच पायापाशी पडला. असं करत करत तिसाव्या बाणानंतर मला लय सापडली आणि शेवटचे पाच बाण चकतीवर बसले. त्यातला एक पिवळ्यात.

तो पिवळ्यातला मी फोटो काढून वसईला तीन बहिणींना पाठवला. छताचा नाही काढला.

जेरिको म्हणाला, "गुड, मॅम. आता पुढच्या वेळी वीस मीटर. मग बाहेर, वाऱ्यात. आठ वेळा तरी या."

आठ वेळा! मला हसू आलं. ज्याला पाच बाणांत जमलं त्याला आठ वेळा कशाला? (पाच म्हणजे शेवटचे पाच. आधीचे तीस मी गरम होण्यात धरले होते.)

आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर दामले राहतो. नाशिकचा, तिशीतला, आयटीत, लग्न अजून व्हायचंय. तोही त्याच क्लबात जातो, पण एकेरी गटात. त्याचा भाऊ अमेरिकेत असतो आणि तिकडे दर वर्षी पानगळीच्या दिवसांत धनुष्यबाणाने हरणाची खरी शिकार करतो. दामले या वर्षी भावाबरोबर जाणार होता. दामले शुद्ध शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद.

"मग मारून करणार काय?" मी त्याला एकदा विचारलं होतं.

"मी फक्त मारणार, फिलोमिनाताई. खाणार भाऊ."

तर हा दामले मला लिफ्टमध्ये भेटला. त्याला माझी बातमी लागली होती.

"ताई, नवशिके शिकारी नेमकं काय चुकतात सांगू?"

"नको."

"सराव कमी करतात. मोसम सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी धनुष्य माळ्यावरून काढतात. आणि करतात तोही चुकीचा. एकाच जागेवरून, एकाच अंतरावर, सपाट जमिनीवर, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून. मग खऱ्या दिवशी जाड जाकीट असतं, उतार असतो, वारा असतो, आणि अंतर कुणी सांगत नाही."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. कुणी आलं नाही. दार उघडंच राहिलं.

"आणि मुख्य म्हणजे," दामले म्हणाला, "हॉलमध्ये आपण तीस बाण मारून एकतिसाव्याचं कौतुक करतो. शिकारीत पहिलाच बाण असतो. हरीण काही 'पुन्हा एकदा' म्हणत नाही."

हे मला फारच वर्मी लागलं, म्हणून मी म्हणाले, "दामले, तू आजवर किती हरणं मारलीस?"

"अजून एकही नाही."

"मग यल्ला, चल निघ," मी म्हणाले आणि उरलेला मजला जिन्याने चढले.

सराव केला नाही असं मात्र नाही. क्लबचं धनुष्य घरी आणता येत नाही, म्हणून मी घरी इनासच्या फिजिओथेरपीचा रबरी पट्टा वापरला. बेडरूमच्या दाराच्या मुठीला एक टोक अडकवायचं आणि दुसरं टोक गालापर्यंत ओढून धरायचं. जेरिकोनेच सांगितलं होतं, खांद्यात जोर येतो. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी मी पट्टा पूर्ण ओढून, एक डोळा मिटून, दाराशेजारच्या फ्रिजवर नाताळपासून राहिलेल्या लोकरी कोकराच्या कपाळावर नेम धरला असताना इनासने पलीकडून दार उघडलं.

मूठ फिरली, पट्टा माझ्या हातून आणि मुठीवरून एकदमच सुटला आणि आधी इनासच्या कानाखाली बसला. तिथून उसळून तो सोफ्याच्या वरच्या फोटोला लागला. संत सेबास्तियन खिळ्यावर एकदा हलला आणि वाकडा झाला, पण पडला नाही. त्याला सवय होती.

इनास कान धरून सोफ्यावर बसला. एक खांदा आधीच बांधलेला.

"फिलू," तो म्हणाला, "धोक्याच्या जागी आधी पाटी लावायची असते गो."

"तू दार वाजवायचं असतं."

"माझ्याच बेडरूमचं?"

त्यानंतर पट्टा त्याने कपाटात कुलपात ठेवला. मग क्लबच्याच फेऱ्या उरल्या. आठपैकी माझ्या चार झाल्या. एकदा ड्युटी बदलली, एकदा माझ्या मैत्रिणीचा निरोपसमारंभ होता, एकदा पाठ दुखत होती आणि एकदा, खरं सांगायचं तर, मला जायचा कंटाळा आला. चारही वेळा मी दहा मीटरवरच मारले. एकदा नुसती वीस मीटरवर उभी राहिले तेव्हा चकती लिमलेटच्या गोळीएवढी दिसत होती, आणि माझा उत्साह मावळेल असं काही करायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

शिकारीच्या दोन दिवस आधी रियाने दप्तर ठेवता ठेवता विचारलं, "हाऊ मेनी टाइम्स डिड यू गो?"

"चार."

"ही सेड एट."

"तो सगळ्यांनाच आठ सांगतो. तुला डॉक्टर गोळ्या पाच दिवस घ्यायला सांगतो, तू तीन दिवस घेतेस."

तिने दप्तर जमिनीवर सोडलं. "मम्मी, यू थिंक एव्हरीथिंग आय डू इज ईझी." आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. ती म्हणाली ते खोटं नव्हतं. तीन वर्षं ती हॉलमध्ये घाम गाळत होती आणि मी बाहेर गाडीत बसून बहिणींशी फोनवर बोलत होते. पण कुणी असं तोंडावर म्हटलं की माझ्यातलं काहीतरी ताठ उभं राहतं. मी बंद दारापाशी जाऊन म्हणाले, "माझा सराव पुरेसा आहे. बघशील तू."



शुक्रवारी पहाटेपासून माझी ड्युटी होती. वॉर्डातल्या सकाळच्या रक्ताच्या नळ्या संपवून मी साडेआठला गेटवर आले, तर इनासचा मित्र त्याची मोठी गाडी घेऊन उभा होता. आत इनास आणि रिया. मी युनिफॉर्मवरच जाकीट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि निघालो. फेब्रुवारीचा वारा होता. डांबरी रस्ता संपला तिथे मित्राने टायरमधली हवा कमी केली आणि गाडी वाळूत शिरली. इनास तेवढ्या वेळात तीनदा म्हणाला, "सीटबेल्ट."

तंबूपाशी पन्नासएक माणसं होती. करक चहाचं भांडं उकळत होतं. परीक्षक होते एक निवृत्त कतारी गृहस्थ, पांढरा पायघोळ थोब, पांढरी दाढी, डोळे ससाण्यासारखे. त्यांना सगळे बू खालिद म्हणत. त्यांनी नियम वाचले, जेरिकोने इंग्रजीत सांगितले. मी ऐकले नाहीत. मी जनावरं शोधत होते. एकही दिसेना.

"कुठे आहेत?" मी रियाला विचारलं.

"बिहाइंड द ड्यून्स. दॅट्स द पॉइंट."

नियम एवढाच लक्षात राहिला, की प्रत्येक जनावराला जोडीतल्या दोघांनी एकेकच बाण मारायचा. अंगावर कुठेही लागला तर गुण, काळजाच्या जागी लागला तर दुप्पट.

पहिला लांडगा. टेकाडावरून खाली उतारावर उभा. रियाने पाय रोवले, श्वास सोडला आणि बाण लांडग्याच्या काळजात. मग माझी पाळी. मी दोरी ओढली, नेम धरला, सोडली. दोरी जाकिटाच्या फुगलेल्या बाहीला फटकन लागली आणि बाण चार पावलांवर वाळूत आडवा पडला. कुत्र्याला काठी टाकावी तसा.

"वारा होता," मी म्हणाले.

"मागून होता," इनास म्हणाला. तो हौशी प्रेक्षक म्हणून आमच्याबरोबर चालत होता आणि बरा खांदा असलेल्या हाताने छत्री धरून होता.

दुसरं हरीण. इथे आमच्या पुढे दामले होता. नव्या टोपीपासून बुटांपर्यंत सगळं वाळूच्या रंगाचं. त्याने अंतर मनात मोजलं, गुडघा टेकला आणि बाण सोडला. थेट काळजात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकेरी गटाला इथे दोन बाण होते. दामले दुसरा बाण घेऊन उभा राहिला आणि तसाच राहिला. ते हरीण फार हुबेहूब बनवलेलं होतं. मान वळवून आपल्याकडेच बघत असलेलं. डोळे काचेचे.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"ताई, ते बघतंय."

"फोमचं आहे."

"माहितेय." त्याने धनुष्य खाली केलं. दुसरा बाण त्याने मारलाच नाही. हरणापाशी गेला, पहिला बाण हळूच उपटला आणि त्या भोकावर क्षणभर हात ठेवला. सॉरी म्हणाला, असं मला ऐकू आलं. तीन महिने रोज सराव केलेला माणूस. अंतराचा केला, उताराचा केला, वाऱ्याचा केला. बघणाऱ्या डोळ्यांचा राहून गेला. (भावाला त्याने त्याच आठवड्यात कळवलं, की रजा मिळत नाही.)

माझा बाण त्याच हरणाच्या पाठीवरून हातभर उंच गेला आणि पलीकडच्या वाळूत गडप झाला. मी ते जनावर दहा मीटरवर आहे असं धरलं होतं, कारण मला दुसरं अंतर माहीतच नव्हतं. बाण शोधायला अकरा माणसं लागली. सगळे रांगेने पायांनी वाळू चाचपत होते, शेतात लावणीला उतरल्यासारखे. रिया कुणाकडे बघत नव्हती.

तिथून पुढच्या तीन जनावरांपाशी मी फारसं सांगण्यासारखं काही केलं नाही. रिया मात्र प्रत्येक वेळी काळजात मारत होती. तिच्या एकटीच्या जोरावर आम्ही चौथ्या होतो. शेवटचं अस्वल उरलं तेव्हा जेरिकोने कागद पाहिला आणि सांगितलं, "मॅम, तुमचा बाण अस्वलाला कुठेही लागला तर तिसरा नंबर."

कुठेही. मी अस्वलाकडे पाहिलं. कतारच्या वाळवंटात काळं अस्वल, आडवं उभं, बैलगाडीच्या चाकाएवढं पोट. रियाचा बाण आधीच त्याच्या काळजात होता.

"मॅम, जाकीट काढा," जेरिको म्हणाला. "बाही दोरीला लागते."

हे त्याने पहिल्या लांडग्यापाशीही सांगितलं होतं, पण तेव्हा मला थंडी होती. आता मी चेन उघडली आणि जाकीट इनासच्या खांद्यावर टाकलं. आत युनिफॉर्म, आणि पहाटेपासून गळ्यात असलेलं इस्पितळाचं ओळखपत्र, निळ्या फितीला. ते माझ्या लक्षातही नव्हतं. चष्मा जसा लक्षात नसतो, तसं.

मी पाय रोवले. रिया मागून हळूच म्हणाली, "टेक युअर टाइम, मम्मी." दोन दिवसांत ती माझ्याशी आपणहून पहिल्यांदा बोलली होती. मी दोरी गालापर्यंत ओढली. वारा आला. छातीवर काहीतरी फडफडल्यासारखं झालं आणि मी सोडली.

मानेला एक हिसका बसला. फितीचा कडीवाला हुक टक्कन तुटला. आणि बाण गेला.

तो लागला. हे मी पुन्हा लिहिते, कारण नंतर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही सांगितलं. बाण अस्वलाला लागला. मागच्या बाजूला, जिथे अस्वल बसतं तिथे. आणि बाणाच्या खाली काहीतरी निळं फडफडत होतं.

आम्ही सगळे जवळ गेलो. बाणाच्या टोकाने माझं ओळखपत्र अस्वलाच्या पार्श्वभागाला ठोकून टाकलं होतं. कार्ड सरळ बसलं होतं, फोटो वर, नाव खाली. बाण बरोबर माझ्या नाकातून गेला होता.

बू खालिद वाकले, चष्मा लावून फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो.

"सिस्टर," ते म्हणाले, "यू हंट द बेअर, ऑर यू हंट यू?"

पन्नास माणसं हसली. मी हसले नाही. "नियम काय आहे?" मी म्हणाले. "बाण अंगावर कुठेही लागला तर गुण. हा कुठे लागलाय? अंगावर. टोक आत गेलंय की नाही? गेलंय."

"बट फर्स्ट इन द कार्ड," दुसऱ्या जोडीतला एक बाप म्हणाला.

आणि तेवढ्यात रिया पुढे आली. ही मुलगी मॉलमध्ये माझ्यापासून दहा पावलं लांब चालते. शाळेत मला मोठ्याने बोलू देत नाही. ती माझ्या शेजारी उभी राहिली, नियमांचा कागद उघडला आणि भांडायला लागली. बाण आधी गवताला लागून मग जनावराला लागला तर गुण मिळतात, मग कार्डाला लागून का नाही? टोक बोटभर आत आहे, मोजा. तिचा आवाज थेट माझ्यासारखा चढत होता. मी तिच्याकडे बघतच राहिले. अस्वल, कार्ड, नाक, सगळं विसरले.

बू खालिदनी खरंच बोट लावून मोजलं. "ओके," ते म्हणाले. "काउंट. खलास."

रियाने माझा हात धरला. आम्ही तिसऱ्या होतो. पूर्ण अर्धं मिनिट आम्ही तिसऱ्या होतो.

"पण," मागून आवाज आला, "नियम पाच."

तो माझा नवरा होता. अठरा वर्षं जो आवाज चारशे माणसांना हेल्मेट घालायला सांगतो, तो आवाज आपोआप निघाला होता. "गळ्यात लोंबती वस्तू असू नये. असल्यास गुण वजा." इंग्रजीतही म्हणाला, म्हणजे कुणी राहू नये.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याचं तोंड उघडंच होतं. आपण काय केलं हे त्याला आमच्याबरोबरच कळलं.

"डॅडी!" रिया म्हणाली.

"सॉरी," इनास म्हणाला. "तोंडातून गेलं."

जेरिकोने मान खाली घालून गुण वजा केले. आम्ही चौथ्या आलो. मागच्या वर्षी हीच रिया इनासला घेऊन पाचवी आली होती, हे मी त्या दिवसापासून त्याला किती वेळा सांगितलं, ते तो सांगेल.

परतताना गाडीत मी भोक पडलेलं कार्ड मांडीवर घेऊन बसले होते. मग मागच्या सीटवर फुसफुस ऐकू आली. मी वळून पाहिलं तर रिया जाकिटाची बाही तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी. तिला असं हसताना मी गेल्या वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"मम्मी," ती कशीबशी म्हणाली, "ॲक्च्युअली नेम बरोबर होता. मध्ये फक्त तू आलीस."

मग आम्ही सगळेच हसलो. इनास सगळ्यात कमी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तेच कार्ड नव्या दोरीला बांधून कामावर गेले, कारण कार्डाशिवाय वॉर्डात जाता येत नाही. मशीन ते वाचेना. गार्डने फोटो पाहिला, नाकाच्या जागी भोक पाहिलं, त्यातून पलीकडे आपलं बोट पाहिलं, आणि दार उघडलं.

पहिला रोगी एक पठाण ड्रायव्हर होता. धिप्पाड, हात माझ्या मांडीएवढा. मी पट्टी बांधली, शीर चाचपली. त्याची नजर माझ्या गळ्यात.

"सिस्टर, ये क्या हुआ?"

"तीर लगा."

"किसने मारा?"

माझ्याच्याने खोटं बोलवत नाही. "मैंने."

त्याने सावकाश बाही खाली केली. "दूसरी सिस्टर है?"

दुसरी सिस्टर आली. तिने दोनदा टोचलं, शीर सापडली नाही, आणि शेवटी मलाच बोलावलं. मी पहिल्या टोचणीत घेतलं. कुणी हे लिहून ठेवत नाही.

दुपारी मी कार्ड बदलायला ऑफिसात गेले. काउंटरवर एक केरळी बाबू होता, गंभीर, ओठांवर बारीक मिशी. त्याने कार्ड उजेडात धरून पाहिलं.

"डॅमेज कैसे हुआ, मॅडम?"

मी सगळं सांगितलं. वाळवंट, वारा, फीत, अस्वल. कुठे लागलं तेही सांगितलं, कारण मला त्यात लाज वाटत नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग कॉम्प्युटरकडे वळला आणि बराच वेळ खालीवर करत राहिला.

"मॅडम, सिस्टम में शिकार का ऑप्शन नहीं है."

"मग काय आहे?"

"लॉस्ट है. चोरी है. और वॉशिंग मशीन है."

मी वाद घातला. दोन तास वाद घालायची माझी तयारी होती, पण मागे रांग होती आणि त्याने बटण दाबलं. तेव्हा आमच्या घराण्यात धनुष्यबाणाने अस्वल मारलेली पहिली बाई मी आहे, हे खरं. पण इस्पितळाच्या दप्तरी मी खिसे न तपासता कपडे धुणारी बाई आहे, आणि त्या कामाचा माझा सराव पुरेसा आहे याबद्दल घरात कुणाचंच दुमत नाही.